शनिवारची पडवी

हमीदा मॅडम गेल्याचा फोन आला तेव्हा मी दापोलीत, आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात होते. सकाळचे साडेनऊ झाले असतील. फोनवर त्यांची भाची शबनम होती. "सुनंदाताई, आपा गेली," एवढंच म्हणाली. घरात, मोहल्ल्यात सगळे त्यांना आपाच म्हणत. मॅडम म्हणणारे आम्ही विद्यार्थी तेवढे. गेली दोन वर्षं श्वासाचं दुखणं होतं, तेव्हा अगदी ध्यानीमनी नसताना झालं असं नाही. तरी हातातलं पुस्तक कुठल्या कपाटातलं होतं ते मला आठवेना. शेवटी ते टेबलावर तसंच ठेवून मी निघाले.

एका सहकाऱ्याने गाडीने नेलं. दाभोळला आम्ही फेरीबोटीवर चढलो. थंडी नुकती पडू लागली होती आणि खाडीवर दुधाळ धुरकं होतं. पाणी कुठे संपतं, आभाळ कुठे सुरू होतं, काही कळत नव्हतं. पलीकडचा अंजनवेलचा किल्ला, तो तिथे आहे हे ठाऊक होतं म्हणूनच दिसत होता. बोट चालली आहे की काठच हळूहळू सरकतोय... मला वाटत राहिलं, हे पाणी असंच रुंद होत जावं, पलीकडचा धक्का येऊच नये. तोवर तरी मॅडम रत्नागिरीत असतील. पुढे तवसाळहून दुसरी बोट, मग जयगड, मग खाडीकाठचं त्यांचं मूळ गाव डाव्या हाताला मागे पडलं. रत्नागिरीत पोचले तेव्हा जनाजा केव्हाच उठला होता. बायकांच्या बैठकीत कुणीतरी मला जागा करून दिली आणि मी पाठ भिंतीला टेकून बसले.

मॅडम माझ्या पीएच.डी.च्या मार्गदर्शक. बारा-तेरा वर्षांपूर्वी मी रत्नागिरीतल्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर समाजशास्त्र शिकवत होते. आमचं गाव लांज्याच्या आत, डोंगराकडे. वडील मुंबईत एका छापखान्यात होते, गणपतीला आणि शिमग्याला घरी येत. एम.ए.ला असताना मी मॅडमचा प्रबंध वाचला होता. त्यांच्या बापाची हयात मालवाहू जहाजांवर गेली. अशाच, पुरुष समुद्रावर किंवा आखातात गेलेल्या घरांवर त्यांनी काम केलं होतं. त्यातून एक मांडणी उभी केली होती, तिला त्यांनी नाव दिलं होतं 'वाट पाहणारं घर'. पुरुष जातो, आणि घराचा काळ थांबतो, असं त्यांचं म्हणणं. लग्नं, भांडणं, छपराची दुरुस्ती, सगळे निर्णय तो परत येईपर्यंत टांगून राहतात. बाई घरात असते, पण राखणदारासारखी, तिच्या हातात सत्ता नसते. मी ते वाचलं तेव्हा कुणीतरी येऊन आमच्या चुलीपाशी बसून आमच्याबद्दल लिहून गेलंय, असं वाटलं होतं. पुढे किती चर्चासत्रांत, किती निबंधांत ते दोन शब्द आले त्याला गणती नाही. मला मॅडमकडेच काम करायचं होतं ते त्या दोन शब्दांपायी.

पहिल्यांदा भेटायला गेले तेव्हा त्या निवृत्तीला आल्या होत्या. ठेंगणी मूर्ती, पांढरी ओढणी, जाड भिंगांचा चष्मा. बोलताना मधेच थांबत, आणि आपल्याला वाटे की वाक्य संपलं. ते संपलेलं नसे. माझा आराखडा त्यांनी माझ्यासमोरच वाचला. त्यात दुसरं प्रकरण होतं 'सैद्धांतिक चौकट'. सगळेच घालतात तसं मीही घातलं होतं, पाच मोठ्या विचारवंतांची ओळख, प्रत्येकाला चार-चार पानं. वाचून झाल्यावर त्या म्हणाल्या, "दुसऱ्या प्रकरणात पाच पाहुणे बोलावलेस. चौथ्या प्रकरणात त्यांना कुणी पाणीही विचारलं नाही." मी ओशाळले. "सगळ्यांची सोय होत नसेल तर एकालाच बोलव," त्या म्हणाल्या, "पण त्याला शेवटपर्यंत जेवायला बसव. तो काय म्हणतो ते ऐक. पटलं नाही तर तोंडावर सांग."

मग त्यांनी मला एक काम दिलं. एकच मुलाखत घ्यायची आणि ती तीनदा वाचायची. पहिल्या वेळी फक्त कामाच्या बाजूने, म्हणजे कोण काय करतं. दुसऱ्यांदा, कोण कुणाला हुकूम करतं. तिसऱ्यांदा, ती बाई काय आठवते आणि काय गाळते. दर वेळी एक पान लिहायचं. मला ते शाळकरी वाटलं. पण तिसरं पान लिहून झाल्यावर तिन्ही पानं शेजारी ठेवली आणि एकच बाई तीन ठिकाणी तीन वेगळ्या चेहऱ्यांनी बसलेली दिसली... तिन्ही खऱ्या. त्या संध्याकाळी भाट्याच्या पुलावरून चालत घरी जाताना मला खाली पाणी आहे याचंही भान नव्हतं. माणसांकडे बघायला जागा लागते, आणि जागा बदलली की माणूस बदलतं, हे मला आयुष्यात पहिल्यांदा तेव्हा उमगलं.

चौकट म्हणून मी अर्थातच 'वाट पाहणारं घर' घेतलं. मॅडम जरा नाखूश होत्या, पण नको म्हणाल्या नाहीत. क्षेत्रकामासाठी गाव मात्र त्यांनीच सुचवलं. "माझ्याच गावात जा. मला तिथे कुणी मोकळेपणी सांगणार नाही. तू परकी, तुला सांगतील."

त्या गावात मला रहिमतबी भेटली. ऐंशीच्या पुढची, जहाजावरच्या खलाशाची विधवा. दात नव्हते, पण स्मरण लख्ख. तीन-चार भेटींनंतर आमची चांगली गट्टी जमली. एकदा दुपारी तिच्या दारात बसून मी मॅडमच्या प्रबंधातला एक भाग तिला माझ्या शब्दांत सांगितला. चौदा माहितीदार बायका होत्या त्या प्रबंधात, नावं अर्थातच दिलेली नव्हती, नुसते क्रमांक. त्यातली सातवी बाई म्हणजे त्या प्रबंधाचा प्राण. ती रोज दुपारी पडवीच्या उंबऱ्यावर एकटी बसते, समोर खाडी, मांडीवर हात, आणि कुणाशी बोलत नाही. तिच्यावरची तीन पानं मला तोंडपाठ होती. मला एवढंच विचारायचं होतं की अशा बायका तुम्ही पाहिल्यात का. बाजूला मोबाइलवर ध्वनिमुद्रण चालू होतं.

रहिमतबी ऐकत होती. मग म्हणाली, "ही तर जैनब गो. हमीदाची आई."

मी मोबाइल तिच्या जरा जवळ सरकवला.

"आणि एकटी कुठली?" ती पुढे म्हणाली. "जैनबच्या पडवीत दुपारी पाय ठेवायला जागा नसायची. चौथी शिकलेली होती ती. आमाला कुणाला वाचता येत नव्हतं. आफ्रिकेतनं, अरबस्तानातनं कागद यायचे, ते तीच वाचायची, उलट कागद तीच लिहायची. काय लिहायचं ते आमी सांगायचो, काय नाय लिहायचं ते ती ठरवायची. माज्या धाकट्या बहिणीचं लग्न माज्या बापानं जहाजावरनं ठरवलंन. माणूस बापाच्या वयाचा. जैनबनं कागद लिवलान की पोर आजारी हाय, हकीम म्हणतो दोन वर्षं लग्नाचं नाव नको. पोर चांगली धडधाकट, विहिरीवरनं पाणी आणीत होती. दोन वर्षांनी बाप आला तेव्हा तो माणूस दुसरीकडे लग्न करून मोकळा. पुरा गाव तिच्या शब्दावर चालायचा गो."

मी कसंबसं विचारलं, "मग ती एकटी बसायची ते?"

"ते शनवारी. हमीदाला अगदी ल्हान असल्यापासनं शिकायला रत्नागिरीत मामूकडे ठेवलेली. शाळा सुटली की शनवारच्या गाडीनं यायची, एक शनवार सोडून. जैनबनं सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, शनवारी कोणी यायचं नाय, माजी पोर येता. दुपारपासनं दारात बसायची. वाट बघायची ती पोरीची... नवऱ्याची कुठली? नवरा काय दर शनवारी येणार होता?" आणि ती हसली.

परतताना एसटीत मी खिडकीशी बसले होते. झाडं, वळणं, पोफळीच्या बागा, सगळं कुणाच्या तरी झोपेतून चालल्यासारखं जात होतं. दहा-बारा वर्षांची एक मुलगी गाडीतून उतरते, लांबून तिला पडवी दिसते, पडवीत आई. ती मुलगी मोठी होते, विद्वान होते, आणि जे तिने पाहिलं ते प्रामाणिकपणे लिहिते. तिच्या पाहण्यात खोट नव्हती. ती जेव्हा जेव्हा पाही, तेव्हा तसंच असे. ती येणार असे म्हणूनच तसं असे.

मी ते चार महिने कुणाला सांगितलं नाही. चौथं प्रकरण लिहिलं, त्यात रहिमतबी घेतलीच नाही. मॅडमच्या मांडणीत सगळं बसवून दिलं. सुट्टीत घरी गेले तेव्हा आईला सहज विचारलं, बाबांची वाट बघायचीस का गं? ती भात निवडत होती. "बघायचे की. पण बसून नाही. बसायला कोण देत होतं?" म्हणाली आणि पुन्हा सुपात डोळे घातले. तेही मी कुठे लिहिलं नाही.

मॅडमनी प्रकरण वाचलं आणि मला बोलावून घेतलं. राजिवड्याच्या बाजूला त्यांचं घर, वर माडीवर अभ्यासाची खोली. दुपारची वेळ होती. "मुलाखतींच्या यादीत रहिमतबी आहे," त्या म्हणाल्या, "सहा वेळा भेटलीस असं लिहिलंयस. प्रकरणात ती कुठे गेली?"

मी समोरची पानं उगाच सारखी केली.

"सुनंदा, माणूस गाळलं की जागा रिकामी दिसते. मला दिसतेय."

मी मोबाइल काढला आणि ते ध्वनिमुद्रण लावलं. रहिमतबीचा बोळका आवाज त्या खोलीत पसरला. मॅडम डोळे मिटून ऐकत होत्या. संपलं तेव्हा म्हणाल्या, "परत लाव." तीनदा ऐकलं त्यांनी. तिसऱ्या वेळी 'माजी पोर येता' इथे त्यांचा हात टेबलावर सपाट पडला आणि तसाच राहिला.

"वार कुठला म्हणाली ती?" त्यांनी विचारलं. त्यांना ऐकू आलं नव्हतं असं नाही.

"शनिवार."

"हो... शनिवारच." खाली रस्त्यावर मासळीवाली ओरडत गेली. "फाट्यावर उतरलं की लांबून दिसायची ती. मला वाटायचं, बाबांची वाट बघतेय. बाबांचा राग यायचा मला. त्या रागावर मी अख्खं पुस्तक लिहिलं. आणि ती तिथे..." पुढचं वाक्य आलं नाही. मी थांबले, त्यांच्या सवयीप्रमाणे येईल म्हणून. त्या दिवशी ते खरंच संपलं होतं.

पाण्याचा ग्लास भरून मी त्यांच्यापुढे ठेवला. तो पिऊन झाल्यावर त्या एकच शब्द बोलल्या. "लिही."

"मला नाही लिहिता येणार, मॅडम. तुमचं सगळं काम त्यावर उभं आहे."

"म्हणून तर."

"मग मी चौकटच काढून टाकते. नुसत्या मुलाखती देते. सिद्धांत नकोच."

तेव्हा मात्र त्या माझ्यावर चिडल्या. त्यांना चिडलेलं मी तेवढंच पाहिलं. "तू ही चौकट घेऊन गेलीस म्हणून रहिमतबीचं बोलणं तुला खटकलं. रिकाम्या हाताने गेली असतीस तर एका म्हातारीच्या गप्पा म्हणून ऐकून आली असतीस आणि विसरली असतीस. माझी चौकट ठेव. ती कुठपर्यंत पुरते आणि कुठे अपुरी पडते, ते लिही. आणि बघणारा कुठे उभा होता तेही लिही. ते मी लिहिलं नव्हतं."

मी ते प्रकरण पुन्हा लिहिलं. आठ महिने लागले. मसुदा नेऊन दिला की त्या लाल शाईने माझं मवाळ झालेलं वाक्य अधोरेखित करत आणि समासात लिहीत, 'स्पष्ट म्हण'. आपल्याच कामावरची टीका अधिक धारदार करून घेणारी दुसरी मार्गदर्शक मी पाहिलेली नाही. पडवीत चालणारं ते दुसरं राज्य, पत्रांतून काय कळवायचं आणि काय नाही हे ठरवणाऱ्या बायका, हा माझ्या प्रबंधाचा गाभा झाला. सातव्या माहितीदाराची ओळख मात्र मी उघड केली नाही. तो माझा हक्क नव्हता.

व्हायवा मुंबईत झाला. बाहेरून आलेले परीक्षक वयस्कर, सभ्य गृहस्थ होते. अर्ध्या तासानंतर त्यांनी चष्मा काढून हातात घेतला. "तुम्ही तुमच्या मार्गदर्शकांच्याच मांडणीला आव्हान दिलंय. सातव्या माहितीदाराबद्दल त्यांचं निरीक्षण अपुरं होतं असं म्हणताय. त्या इथे बसल्यात म्हणून विचारतो, त्यांना हे मान्य आहे?"

मी मॅडमकडे पाहिलं. त्या उभ्या राहिल्या. गरज नव्हती, तरी उभ्या राहिल्या. "मान्य आहे, सर," त्या म्हणाल्या. "सातव्या माहितीदाराची मुलगी मीच. हे माझ्या प्रबंधात मी कुठेच लिहिलं नाही, ती माझी चूक. लिहिलं असतं तर वाचणाऱ्याने विचारलं असतं की तुम्ही घरी कुठल्या दिवशी जात होता. मला स्वतःलाही तो प्रश्न पडला असता... आई तेव्हा हयात होती. तिला विचारता आलं असतं."

परीक्षकांनी चष्मा परत लावला आणि पुढचा प्रश्न विचारला नाही. मला पदवी मिळाली. पण त्या दिवसाबद्दल विचाराल तर मला त्या उभ्या राहिलेल्या आठवतात. पांढरी ओढणी, एक हात खुर्चीच्या पाठीवर, आणि आवाज अगदी रोजचा.

परतीच्या गाडीत त्या फारसं बोलल्या नाहीत. चिपळूण गेल्यावर बाहेर बघत म्हणाल्या, "तिने मला कधी सांगितलं नाही बघ. पत्रं लिहिते, लोक येतात, काही नाही. मी आले की नुसतं खायला घालायची आणि शाळेतलं विचारायची. तिला बहुतेक वाटलं असेल की ही शिकतेय, हिच्यापुढे चौथीची काय बढाई." मग बोगदा आला आणि काचेत आमचे दोघींचे चेहरे दिसले.

त्यानंतर त्यांनी एक छोटा लेख लिहिला, आपल्या मांडणीची दुरुस्ती म्हणून. फार लोकांनी तो वाचला नाही. 'वाट पाहणारं घर' अजूनही जुन्याच अर्थाने वापरलं जातं, आणि त्याचं त्यांना हसू येई. मी दापोलीला नोकरीला लागले, भेटी कमी झाल्या, फोन चालू राहिले.

शेवटची भेट गणपतीनंतरची. नाकाला प्राणवायूची नळी होती, बोलताना धाप लागत होती, पण चेहरा प्रसन्न. मी पलंगाशी बसले तर म्हणाल्या, "काल स्वप्न पडलं. मी गावी गेले. फाट्यावर उतरले, चालत निघाले... आणि वाटेतच कळलं की आज मंगळवार आहे." त्या थांबल्या, श्वास घेतला. मी वाट पाहिली. "पडवीत बायकाच बायका. बसायला जागा नाही. आई मधे, हातात टाक. माझ्याकडे बघितलंन् आणि म्हणाली, थांब गो जरा, हिचं पत्र होऊ दे."

"मग?"

"मग काय, थांबले. पायरीवर बसले. फार बरं वाटलं मला, सुनंदा. माझ्यासाठी कुणी उठलं नाही."

त्यांच्या चाळीसाव्या दिवसाला मी पुन्हा गेले. जेवणं आटोपली, पाहुणे पांगले, आणि शबनम मला माडीवरच्या खोलीत घेऊन गेली. पुस्तकं कुठे द्यायची ते ठरवायचं होतं. खिडक्या उघड्या होत्या, खाडीवरचं ऊन छतावर हलत होतं. आणि खोलीत चार बायका बसल्या होत्या, दोन सतरंजीवर, दोन बाकावर. शबनम मला बाजूला घेऊन म्हणाली, "निवृत्तीनंतर आपा दुपारी यांची कागदपत्रं वाचून द्यायची. दवाखान्याचे रिपोर्ट, नोटिसा, आखातातल्या कंपन्यांचे करार. आपा नाही हे सगळ्यांना माहीत आहे. तरी येतात. थोडा वेळ बसतात आणि जातात. मी काय सांगू त्यांना?"

मला यातलं काहीच माहीत नव्हतं. इतक्या वर्षांत फोनवर एका शब्दाने त्या बोलल्या नव्हत्या.

बाकावरची एक तरुण बाई माझ्याकडे बघत होती. तिच्या मांडीवर प्लास्टिकच्या पिशवीत घडी केलेला कागद होता. नवरा मस्कतला होता, त्याने फोटो काढून पाठवलेला करार तिने छापून आणला होता. "तुमी आपाकडे शिकलाव ना?" तिने विचारलं. मी हो म्हटलं. तिने कागद पुढे केला. मी मॅडमच्या खुर्चीवर न बसता तिच्याच शेजारी बाकावर बसले, आणि वाचायच्या आधी तिला म्हटलं, "आधी मला सांग, तुला यातलं काय हवंय? त्याला तिथे राहू द्यायचंय, की परत बोलवायचंय?"

ती जरा विचारात पडली. मग सरकून नीट बसली आणि सांगू लागली.